नांव, नंबर आणि मालाचा गुण



पन्हाळगडावर जाणारा प्रवासी अंबरखान्यासमोर थोडा वेळ थांबल्यावांचून पुढें जात नाहीं. धान्याच्या तीन भव्य कोठ्या तेथें अद्याप उभ्या आहेत आणि त्यांतील सर्वांत मोठीमध्यें पंचवीस हजार खंडी धान्य मावत असे, असें सांगतात. या कोठ्यांस गंगा, यमुना व सरस्वती अशीं नांवें आहेत. त्याच गडाच्या एका प्रवेशद्वाराचें नांव मात्र ‘तीन दरवाजा’ असें आहे. कोठ्यांना नद्यांचीं नांवें मिळालीं, दरवाजाच्या वांट्यास संख्या आली. पण दोहोंचें काम एकच, तें म्हणजे ओळख पटविणें. सरस्वतीचें नांव तिसरें घेतलें जातें म्हणून तिच्यांतील धान्य हलकें, असें मानण्याचें कारण कोणास नव्हतें.

याच गडाच्या तटावर उभें राहून एका अंगास वारणेचें व दुसऱ्या अंगास कासारीचें खोरें पाहावें, तर दृष्टि पोहोंचेल तेथवर उसाचे मळे दिसतात. वरून सारा ऊस सारखाच हिरवा. परंतु खालीं उतरून बांधावरच्या शेतकऱ्यास ‘कोणता ऊस?’ असें विचारलें तर उत्तर बहुधा आंकड्यांत येतें. कोणी ‘८६०३२’ म्हणतो, कोणी ‘२६५’, कोणी ‘९२००५’, तर कोणी ‘८००५’. शहरांतल्या माणसास हे दूरध्वनीचे क्रमांक वाटावेत. परंतु या आंकड्यांवर बेण्याचा भाव ठरतो, कारखान्याची नोंद ठरते आणि एका कुटुंबाची वर्षाची कमाई ठरते. वस्तूला दिलेलें नांव किंवा नंबर घेणाराच्या मनावर कसा परिणाम करितो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे; आणि त्याचा विचार करण्यास या पन्हाळ्याच्या पायथ्याइतकी सोयीची जागा दुसरी नाहीं.

प्रथम अंकांचीं कामें कोणतीं तें पाहूं. शाळेंतलें उदाहरण घ्यावें. हजेरीपटावर एका मुलाचा अंक सत्तावीस आहे. परीक्षेंत तो वर्गांत तिसरा आला. गणितांत त्याला शंभरांपैकीं ऐंशी गुण मिळाले. यांतील सत्तावीस ही केवळ खूण आहे, तिसरा हा क्रम आहे आणि ऐंशी हें माप आहे. पटावर सत्ताविसावा असलेला मुलगा पटावरील तेराव्या मुलाच्या दुप्पट हुषार, असें कोणी शिक्षक म्हणणार नाहीं. वर्गांत ही गफलत सहसा होत नाहीं. बाजारांत मात्र ती रोज होते. खूण म्हणून दिलेला अंक घेणारा क्रम म्हणून वाचतो, क्रमाला माप समजतो, आणि त्या समजुतीवर पैसे मोजतो.

विकणारास हें फार पूर्वींपासून ठाऊक आहे. कपडे धुण्याचा ‘५०१’ बार दोनतीन पिढ्यांपूर्वीं मराठी घरांतल्या मोरीवर हमखास असे. टाटांच्या तेल कारखान्याचा हा साबण. त्याच्या नांवाची अशी एक कथा सांगतात कीं, त्या वेळीं ‘५००’ या नांवाचा एक फ्रेंच साबण प्रसिद्ध होता आणि देशी साबण त्याहून एक पाऊल पुढें असावा म्हणून एक मिळवून ५०१ हें नांव ठेविलें. आतां पांचशें आणि पांचशें एक यांत फेस किती अधिक, मळ किती अधिक निघतो, हें त्या एकानें कांहींच सांगितलें जात नाहीं. पण सणाच्या आहेराच्या पाकिटांत शंभरावर एक रुपया ठेवणाऱ्या समाजांत त्या एकाची गोडी समजावून सांगावी लागत नाहीं. साबण चांगला होता म्हणून नांव टिकलें, हेंही तितकेंच खरें. नांवानें ग्राहक एकदां दुकानापर्यंत येतो. दुसऱ्यांदा तो येतो तो मालामुळें.

आजच्या घरांतील संगणकाचें उदाहरण याहून मौजेचें आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज या प्रणालीला १९९५ सालीं सालाचाच आंकडा मिळाला. पुढें ९८ आली, मग २०००. नांवांत साल आलें कीं दोन वर्षांनीं वस्तु आपोआप शिळी वाटूं लागते, तिच्यांत कांहीं बिघडलेलें नसलें तरी. नंतर आंकडा सोडून दुसरीं नांवें झालीं आणि २००९ सालीं एकदम ‘७’ हें नांव आलें. म्हणजे दोन हजारांनंतर सात! आठानंतर नऊ यावयाचा, तर २०१५ सालीं नऊ गाळून दहा आला. ॲपल कंपनीच्या मोबाईल फोनाचेंही असेंच झालें. २०१७ सालीं एकाच समारंभांत आठवा आणि रोमन अंकांतील दहावा असे दोन्ही पुढें आले. नववा कधीं निघालाच नाहीं. मोजणीचे नियम येथें कोणी शिकवीत नव्हतें. मोठ्या उडीचा भास घेणाराच्या मनांत उत्पन्न व्हावा, एवढेंच त्या गाळलेल्या अंकाचें काम होतें. ज्याच्या हातीं आठवा होता, त्याचा फोन आदल्या दिवशीं जसा चालत होता तसाच दुसऱ्या दिवशीं चालत होता. परंतु त्याच्या मालकास तो दोन पायऱ्या खालीं गेल्यासारखा वाटूं लागला. मालांत कांहींएक फरक न पडतां मालकाचें मन बदललें, तें केवळ अंकानें.

आतां पुन्हां उसाकडे येऊं. कारण तेथें अंक कोणी विक्रीच्या युक्तीनें दिलेले नाहींत. ते शास्त्रज्ञांनीं शुद्ध हेतूनें दिले, आणि तरीही बाजारानें त्यांचें काय केलें हें पाहण्याजोगें आहे.

कोइमतूर येथें १९१२ सालीं ऊसपैदास केंद्र स्थापन झालें. डॉ. बार्बर आणि सर टी. एस्. वेंकटरामन् यांनीं तेथें जाड उसाचा रानटी उसाशीं संकर करून नवे वाण निपजविले. त्यांतला ‘को २०५’ हा १९१८ सालीं शेतकऱ्यांस मिळाला. ‘को’ म्हणजे कोइमतूर, आणि पुढचा अंक म्हणजे निवडलेल्या रोपाचा अनुक्रम. त्याच सुमारास जावा बेटांतील डच संशोधक आपल्या उसाला ‘पी. ओ. जे.’ या अक्षरांनीं व अनुक्रमानें ओळखीत. त्यांचा ‘पी. ओ. जे. २८७८’ जगभर गाजला. दख्खनच्या मळ्यांतून पूर्वीं पुंड्या नांवाचा जाड, मऊ, खाण्यास गोड असा ऊस असे. त्याची जागा १९३० नंतरच्या काळांत या जावाच्या उसानें आणि त्याच्याच वंशांतल्या ‘को ४१९’ नें घेतली. पुढें पाडेगांवच्या संशोधन केंद्रानें निवडलेला ‘को ७४०’ आला. पुंड्या या नांवाबरोबर कानाला परिचित असा एक गांवठी गोडवा होता. तो गेला आणि शेतकऱ्याच्या तोंडीं आंकडे बसले.

१९६० नंतर मात्र आंकड्यांची पद्धति बदलली. नुसत्या अनुक्रमाऐवजीं आधीं सालाचे दोन अंक आणि मग त्या सालांतील निवडीचा अनुक्रम, असा नंबर देण्यांत येऊं लागला. या रीतीनें ‘को ८६०३२’ म्हणजे १९८६ सालीं नोंदलेला बत्तिसावा ऊस. ‘को ९२००५’ म्हणजे १९९२ चा पांचवा. गुळासाठीं कोल्हापूर भागांत याची विशेष कीर्ति आहे. शतक उलटलें आणि घोटाळा झाला. २००२ सालचा पासष्टावा ऊस महाराष्ट्रांत निवडला गेला, त्याचा नंबर ‘को एम ०२६५’ असा पडला. यांतील ‘एम’ हें महाराष्ट्राचें अक्षर. शेतकऱ्यानें आरंभींचें शून्य गिळलें आणि ‘२६५’ एवढेंच ठेविलें. त्या एका शून्याबरोबर सालच गिळलें गेलें! वसंतदादा साखर संस्थेचा ‘०८००५’ हा २००८ सालचा. तोही बांधावर आला तो ‘८००५’ होऊन. नवख्या माणसास ८६०३२ च्या पुढें २६५ हा आजोबांच्या काळचा ऊस वाटावा. वस्तुतः तो सोळा वर्षांनीं धाकटा आहे.

या नंबरांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. ८६ हें साल उसाच्या जन्माचें. शेतकऱ्याच्या हातीं तो पडण्याचें तें साल नव्हे. महाराष्ट्रांत ८६०३२ ची शिफारस झाली ती १९९६ सालीं, म्हणजे दहा वर्षांच्या परीक्षेनंतर. २६५ ला ती २००७ सालीं मिळाली. नंबर फक्त जन्म सांगतो. टनेज किती, साखर किती, पाण्याचा ताण सोसतो कीं नाहीं, खोडवा कसा येतो, यांतील एकही गोष्ट त्यांत लिहिलेली नसते. शास्त्रज्ञांनीं शेतकऱ्याच्या सोयीसाठीं नांवेंही ठेविलीं. ८६०३२ ला महाराष्ट्रांत ‘नीरा’ असें सुंदर नांव आहे. पण बेणें मागावयास आलेला शेतकरी नीरा मागत नाहीं. तो आंकडाच मागतो. आंकड्यांत त्याला एक प्रकारचा सरकारी शिक्का दिसतो, आणि आंकड्यांत फसवणूक कमी असा त्याचा विश्वास असतो.

हा विश्वास कोठें अडखळतो तें २६५ च्या उदाहरणावरून समजतें. हा ऊस वजनाला भरघोस. खारवट, पाणथळ होऊं लागलेल्या जमिनींतही तो तग धरतो. पण तो उशिरा पक्व होतो. हंगामाच्या आरंभींच तोडला तर त्यांतून साखरेचा उतारा कमी पडतो. आतां शेतकऱ्यास मोबदला मिळतो तो आपल्या उसाच्या वजनावर, आणि दराला आधार असतो तो साऱ्या कारखान्याच्या सरासरी उताऱ्याचा. २०२५-२६ च्या हंगामासाठीं केंद्र सरकारनें सव्वादहा टक्के उताऱ्यास क्विंटलमागें ३५५ रुपये असा दर ठरविला. तेव्हां शेतकऱ्याचें लक्ष वजनावर आणि कारखान्याचें लक्ष उताऱ्यावर, हें स्वाभाविकच आहे. परिणाम असा झाला कीं, ‘२६५’ हा एकच आंकडा गांवांत उच्चारला तर भरघोस पीक असा अर्थ होई, आणि कारखान्याच्या शेती खात्यांत उच्चारला तर कमी साखर असा अर्थ होई. कांहीं कारखान्यांनीं या उसाची नोंद घेण्यास नाखुषी दाखविली. तोड लांबली कीं शेतकऱ्याचें पुढचें पीक लांबतें, पुढचें पीक लांबलें कीं सोसायटीचें कर्ज लांबतें. उसाच्या अंगीं दोष होता असें नाहीं. तो कोणत्या जमिनींत लावावा आणि केव्हां तोडावा, हें सांगणारी चार वाक्यें आंकड्याबरोबर चालत नव्हतीं. आंकडा एकटाच प्रवास करीत होता.

याच्या उलट प्रकार उत्तर हिंदुस्थानांत घडला. ‘को ०२३८’ हा २००९ सालीं शिफारस झालेला ऊस वजन आणि उतारा या दोन्हींत सरस निघाला. त्याची कीर्ति इतकी पसरली कीं, दहाबारा वर्षांच्या आंत उत्तर प्रदेशांतील ऊसक्षेत्राच्या चारपंचमांशांहून अधिक जागा त्या एकाच नंबरानें व्यापली. शेतकऱ्यास दुसरा नंबर नको आणि कारखान्यासही नको. पुढें ऊस आंतून लाल पडून कुजविणारा रोग त्यावर पडला. मळे वाळूं लागले, आणि ज्या नंबराच्या जयजयकारानें सारें क्षेत्र भरलें होतें, तोच नंबर शेतांतून काढा असें सांगण्याची वेळ कृषि खात्यावर आली. पहिल्या उदाहरणांत नांवाला लागलेल्या डागानें नुकसान केलें, दुसऱ्यांत नांवाच्या मोठेपणानें केलें. दोन्हीकडे रोग एकच: आंकडा ऐकला कीं पाहणें थांबतें.

आतां उसाची मोळी गुऱ्हाळावर न्यावी. पन्हाळा तालुक्यांतून व साऱ्या कोल्हापूर भागांतून गुऱ्हाळें पिढ्यान् पिढ्या चालत आलीं आहेत. चरकांतून रस निघाला कीं उसाचा नंबर संपला. काहिलींत ८६०३२ आणि ९२००५ एक होतात, आणि गुळव्याच्या हातांत त्यांचा रवा बनतो. मग बाजारांत त्याला दुसराच नंबर मिळतो. शाहू छत्रपतींनीं १८९५ सालीं शाहूपुरीची पेठ वसविली, तेव्हांपासून कोल्हापूर हें गुळाच्या सौद्यांचें मोठें ठाणें आहे. सौद्यांत गुळाची प्रत लागते: स्पेशल, एक नंबर, दोन नंबर, अशा उतरत्या क्रमानें. येथला नंबर हा खरोखरच क्रम आहे, केवळ खूण नव्हे. म्हणून येथें गोंधळ होण्याचें कारण नाहीं, असें वाटेल. पण हा क्रम लावावयाचा कशावरून? मुख्यतः डोळ्यांना दिसेल त्यावरून; आणि डोळ्यांना प्रथम दिसतो तो रंग.

फिकट पिवळा, सोनेरी गूळ पहिला. तांबूस, काळसर गूळ मागला. हा संकेत मुळांत निराधार नव्हता. रसांतील मळी नीट काढली, भेंडीच्या चिकट रसानें तो चांगला स्वच्छ केला, आंच योग्य राखली, तर गूळ उजळ येतो. उजळपणा ही मेहनतीची खूण होती. परंतु पैसा खुणेलाच मिळूं लागला तेव्हां मेहनतीवांचून खूण उत्पन्न करण्याचे उपाय निघाले. हायड्रोस नांवाच्या पुडीनें रस तेवढ्यापुरता पांढुरका होतो आणि रवा झळकूं लागतो. या पुडीचा गंधकी अंश गुळांत उरतो. खाद्यपदार्थांच्या नियमांत त्याला दशलक्षांत सत्तर भाग अशी मर्यादा घातलेली आहे. शिवाय हा उजळपणा टिकत नाहीं. कांहीं दिवसांनीं तो गूळ पुन्हां काळवंडूं लागतो. म्हणजे शहरांतली गृहिणी ज्या रंगाला एक नंबर समजून चार पैसे अधिक देते, त्याच रंगासाठीं गुऱ्हाळवाला पुडी टाकतो. आणि न टाकणारा प्रामाणिक मनुष्य सौद्यांत दोन नंबरचा ठरतो. अलीकडे वारें फिरलें आहे. ‘रसायनविरहित’, ‘सेंद्रिय’ या नांवांखालीं काळसर गूळ महाग विकला जातो. यांत हित आहे, पण सावधगिरीही हवी. काळेपणा हा कांहीं शुद्धतेचा दाखला नव्हे. करपलेला गूळही काळाच असतो. एक रंग सोडून दुसऱ्या रंगावर डोळे मिटून विश्वास ठेवला तर फसवणुकीचा फक्त रंग बदलतो.

साखरेच्या पोत्यावर ‘एस् ३०’, ‘एम् ३०’ अशीं अक्षरें असतात, त्यांचाही उलगडा येथेंच केलेला बरा. अक्षर दाण्याचा आकार सांगतें: एस् म्हणजे बारीक, एम् म्हणजे मध्यम, एल् म्हणजे जाड. अंक रंगाची प्रत सांगतो. गोडी मात्र साऱ्यांची एकच. जाड दाण्याची साखर अधिक गोड, हा समज पुष्कळ घरांतून आहे. चहाच्या पेल्यास तो ठाऊक नाहीं.

अंकांविषयीं इतकें झालें. आतां नांवाचा विचार करूं. कारण कोल्हापूर हें स्वतःच आज एक विकाऊ नांव झालें आहे. मुंबईपासून परदेशापर्यंत उपाहारगृहांच्या यादींत ‘व्हेज कोल्हापुरी’ असतें. कोल्हापूरच्या परंपरागत घरगुती स्वयंपाकांत तांबडा रस्सा आहे, पांढरा रस्सा आहे, पण या नांवाची भाजी सांपडत नाहीं. तेथें कोल्हापुरी या शब्दाचा अर्थ ‘तिखट’ एवढाच उरला. ज्या गांवचा पांढरा रस्सा नारळाच्या दुधानें सौम्य असतो, त्या गांवचें नांव तिखटपणाचें विशेषण व्हावें, ही नांवाची एक गंमत. यांत कोणाचें विशेष बिघडत नाहीं, म्हणून ती गंमत म्हणून सोडून देतां येते.

गुळाच्या आणि चपलेच्या बाबतींत मात्र ती सोडून देतां येत नाहीं. कोल्हापुरी गुळाला नांव आहे म्हणून दुसरीकडचा गूळ त्या नांवानें विकण्याचा मोह होतो. चपलेचेंही तसेंच. खरी कोल्हापुरी चप्पल म्हणजे बाभळीची साल आणि हिरडा यांनीं कमावलेलें कातडें, चामड्याच्याच दोऱ्यानें घातलेली शिवण आणि पुष्कळदां घरांतल्या बायकांनीं विणलेली वेणी. कागल तालुक्यांतील कापशी गांवाचें नांव तिच्या एका प्रकारास पडलें आहे. पण ‘कोल्हापुरी’ या शब्दांत यांतलें कांहींच दिसत नाहीं. म्हणून यंत्रावर कापलेली, रबरी तळाची, डिंकानें चिकटविलेली वस्तुही त्याच नांवानें, निम्म्या किंमतीस विकली जाते. घेणारा म्हणतो, ‘कोल्हापुरी टिकत नाहीं हो.’ टिकली नाहीं ती नक्कल. बदनाम झालें तें मूळ नांव आणि त्या नांवावर पोट असलेला कारागीर.

हें थांबावें म्हणून देशांत कायदा झाला. भौगोलिक निर्देशनाचा कायदा १९९९ सालीं संमत होऊन २००३ सालीं अंमलांत आला. त्यान्वयें कोल्हापुरी गुळाला २०१४ सालीं आणि कोल्हापुरी चपलेला २०१९ सालीं नोंदणी मिळाली. चपलेची नोंदणी महाराष्ट्राच्या चार व कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांसाठीं आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर हे इकडचे, आणि बेळगांव, धारवाड, बागलकोट व विजापूर हे तिकडचे. कातडें कमावणारे आणि चप्पल शिवणारे हात या साऱ्या टापूंत पसरलेले आहेत, म्हणून नांव एका शहराचें असलें तरी हक्क आठ जिल्ह्यांचा. या नोंदणीचें मर्म असें कीं, नांव कोणा एका व्यापाऱ्याची मालमत्ता न राहतां त्या प्रदेशांतील सर्व करणारांची सामाईक ठेव होते.

नांव काढून घेतलें तर काय होतें, याचा धडा २०२५ सालच्या जून महिन्यांत मिळाला. इटालींतील प्राडा या प्रसिद्ध कंपनीनें मिलान येथील आपल्या प्रदर्शनांत कोल्हापुरीसारख्याच चपला दाखविल्या आणि त्यांना नुसतें ‘चामड्याच्या चपला’ म्हटलें. घाट सारा ओळखीचा. फक्त नांव गाळलेलें. महाराष्ट्रांत मोठा गवगवा झाला, तेव्हां आपणांस प्रेरणा भारतीय कारागिरींतून मिळाली हें कंपनीनें मान्य केलें. आणि त्याच सालच्या डिसेंबरांत महाराष्ट्र व कर्नाटक येथील चर्मोद्योग महामंडळांशीं करार करून कारागिरांकडून चपला करवून घेण्याचें ठरविलें. एकीकडे खोट्या मालावर खरें नांव लावणारे आहेत, तर दुसरीकडे खऱ्या घाटावरून नांव पुसणारे आहेत. पहिल्यांत ग्राहक आणि कारागीर दोघेही फसतात. दुसऱ्यांत कारागिराचें श्रेय जातें. दोहोंवर औषध एकच, तें म्हणजे नांवामागें कोण उभा आहे हें विचारणारा ग्राहक.

तेव्हां शहाण्या कुटुंबानें काय करावें? नांव आणि नंबर यांवर अजिबात विश्वास ठेवूं नये, असें म्हणणें व्यर्थ आहे. प्रत्येक पिशवीचें कातडें सोलून आणि प्रत्येक रव्याचें पृथक्करण करून कोणी बाजार करीत नाहीं. नांव ही अपरिचित माणसांनीं परस्परांस दिलेली हमी असते, आणि हमीवांचून व्यवहार चालत नाहींत. मात्र हमी घेतांना तीन प्रश्न विचारावेत. हा अंक खूण आहे, क्रम आहे कीं माप आहे? तो कोणी दिला: परीक्षा करणारानें कीं विकणारानें? आणि माल वाईट निघाला तर या नांवासाठीं उत्तर देण्यास कोण बांधलेला आहे?

या तीन प्रश्नांनीं पुष्कळ उलगडा होतो. ८६०३२ हा अंक परीक्षकांनीं दिला, पण तो खूण आहे. म्हणून शेतकऱ्यानें त्याच्यापुढें आपली जमीन आणि तोडणीचा महिना लिहिला पाहिजे. गुळाचा एक नंबर हा क्रम आहे, पण रंगाचा. म्हणून गृहिणीनें चव, वास आणि विक्रेता यांचीही प्रत लावावी. फोनाचा सोळा किंवा सतरा हा विकणारानेंच दिलेला आहे; म्हणून घेण्यापूर्वीं जुना खरोखर अडतो काय, हें घरांत विचारावें. आणि चपलेवर कोल्हापुरी लिहिलें असेल तर नोंदणीकृत करणाराचें नांव, तळाची शिवण आणि कातड्याचा वास, यांची विचारपूस करावी. अशी विचारपूस करणारें एक गिऱ्हाईक दुकानांत आलें तर दुकानदार कंटाळतो. रोज दहा आलीं तर तो माल बदलतो.

अंबरखान्याच्या कोठ्यांना नद्यांचीं नांवें देणाऱ्यांनीं एक गोष्ट मात्र केली होती. नांव गंगा असलें तरी आंत भरावयाचें तें धान्य. गंगेच्या नांवावर रिकामी कोठी भरलेली समजून वेढ्याला तोंड देतां आलें नसतें. आपल्या घरांतील कोठ्यांनाही हाच न्याय लागूं आहे. बाहेर लिहिलेलें नांव वाचावें, आणि झांकण उघडून आंत पाहावें.